आवाज नाही म्हणजे टायमिंग बरोबर आहे, असे नव्हे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळू लागल्यापासून गोव्यात पंपांवर, घरोघरी आणि वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहारातही त्याची चर्चा चालू आहे. मायलेज किती घटले, जुन्या गाडीच्या रबरी नळ्या टिकतील का, बिघाड झाल्यास वॉरंटी मिळेल का, हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत याहून गंभीर अशी एक बाब दुर्लक्षित राहिली आहे. ती म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, अर्थात ज्याला आम्ही गॅरेजवाले इग्निशन टायमिंग म्हणतो. ‘इथेनॉलमुळे ऑक्टेन (आपोआप न पेटण्याची इंधनाची क्षमता) वाढले आहे, तेव्हा टायमिंग चार-पाच अंश पुढे घ्या, म्हणजे ठिणगी आधी पाडा, ताकद आपोआप वाढेल’ असा सल्ला गाड्यांची हौस असलेल्या तरुणांत सर्रास दिला जातो आणि त्यावर विसंबून ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) मॅप, म्हणजे त्यातले आकड्यांचे तक्ते, बदलून देणारेही वाढले आहेत. फोंडा तालुक्यात पेट्रोल इंजिनांच्या दुरुस्तीचे आणि ट्यूनिंगचे काम करणारा कारागीर या नात्याने या सल्ल्यातला धोका आपल्या वाचकांपुढे सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या काही अंश आधीच प्लगमध्ये ठिणगी पडावी लागते, कारण मिश्रण एकदम पेटत नाही. ज्वाळेला सिलिंडरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पसरायला वेळ लागतो. हा वेळ किती सूक्ष्म असतो ते पाहा: इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असताना क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याला, एक अंश वळायला सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग लागतो. पिस्टन वरचे टोक ओलांडून साधारण १४ ते १६ अंश पुढे गेला की सिलिंडरमधला दाब सर्वाधिक व्हावा, अशा बेताने ठिणगी पडली तर त्या दाबातून क्रँकला सर्वांत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. ठिणगीला उशीर झाला तर इंधनातली उष्णता पिस्टनला न ढकलता एक्झॉस्टमधून निघून जाते आणि टर्बोचे टर्बाइन व पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विनाकारण तापतात. घाई झाली तर वर चढणाऱ्या पिस्टनलाच दाब उलट रेटू लागतो. म्हणजेच प्रत्येक वेगाला आणि प्रत्येक भाराला टायमिंगचा एक सर्वोत्तम आकडा असतो, आणि तो ओलांडल्यावर टॉर्क वाढायचा थांबून उतरू लागतो, दाब मात्र चढतच राहतो.

साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो इंजिनाला भरपूर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) असताना या सर्वोत्तम आकड्यापर्यंत पोचताच येत नाही. टर्बोने दाबलेली हवा तापलेली असते, ती सिलिंडरमध्ये आणखी दाबली जाते, आणि ज्वाळा पोचण्याआधीच कडेचे उरलेले मिश्रण आपोआप पेटून टकटक आवाजाचे नॉकिंग सुरू होते. म्हणून बूस्टच्या दर पाउंड दाबामागे सुमारे एक अंश टायमिंग मागे घ्यायचे, असा ढोबळ आडाखा आमच्या धंद्यात रूढ झाला. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडर गाड्यांच्या काळात टर्बो नव्हता, तरी तत्त्व हेच होते. चढावर इंजिन किंचित नॉक करेपर्यंत ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर फिरवायचा आणि मग थोडा मागे आणून बोल्ट आवळायचा, हे प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक होते. त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलला ती पद्धत बरोबर लागू पडत होती, कारण भार वाढला की नॉकिंगची सीमा सर्वोत्तम टायमिंगच्या अलीकडेच लागत असे आणि कान हे विश्वासू मापन होते. आज हातात लॅपटॉप आला, अंश पडद्यावर दिसू लागले, परंतु मनातली रीत तीच राहिली आहे: आवाज येईपर्यंत पुढे जायचे. इथेनॉलच्या बाबतीत नेमकी हीच रीत घात करते.

त्याचे कारण इथेनॉलच्या गुणधर्मांत आहे. शुद्ध इथेनॉलचे रिसर्च ऑक्टेन सुमारे १०८ असते. द्रवाची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. शिवाय पूर्ण ज्वलनासाठी पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ पट. त्यामुळे तेवढ्याच हवेमागे इथेनॉल जास्त फवारावे लागते आणि एकूण थंडावा सुमारे चौपट होतो. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत हा थंडावा बव्हंशी मिश्रणालाच मिळतो. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीत, फवारणाऱ्या इंजिनांत त्यातला काही भाग धातूच्या भिंतींतून घेतलेल्या उष्णतेत वाया जातो. याखेरीज इथेनॉलची ज्वाळा पेट्रोलपेक्षा काहीशी वेगाने पसरते, म्हणजे सर्वोत्तम टॉर्कसाठी मुळातच थोडे कमी अ‍ॅडव्हान्स (ठिणगी आधी पाडणे) पुरते. या सर्वांचा एकत्रित परिणाम असा होतो की मिश्रणात इथेनॉलचे प्रमाण मोठे असेल तर नॉकिंगची सीमा सर्वोत्तम टायमिंगच्या पलीकडे सरकते. आता ट्यूनर अंशामागून अंश वाढवत जातो, इंजिन शांतच राहते, आणि त्या शांततेला तो यश समजतो. प्रत्यक्षात सर्वोत्तम आकडा केव्हाच मागे पडलेला असतो.

नॉक सेन्सर आहे ना, असे यावर सांगितले जाते. नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकवर बोल्टने आवळलेला, कंपने टिपणारा स्फटिक. साधारण ७५ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) इंजिनात नॉकिंगचे कंपन सात-आठ किलोहर्ट्झच्या आसपास होते आणि ईसीयू त्याच पट्ट्यावर लक्ष ठेवते. नॉकिंग झाले तर ती टायमिंग दोन-तीन अंश मागे घेते आणि हळूहळू परत पुढे आणते. परंतु नॉकिंगविना वाढलेला दाब सेन्सरला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. आजच्या लहान टर्बो इंजिनांत पूर्ण भाराला सिलिंडरमधला दाब शंभर बारच्या पुढे जातो, आणि वजन वाचवण्यासाठी त्यांचे कनेक्टिंग रॉड व पिस्टन हिशेबापुरतेच जाड केलेले असतात. माझ्याकडे उघडण्यासाठी आलेल्या अशाच एका रीमॅप केलेल्या इंजिनात प्लगच्या टोकावर नॉकिंगची एकही खूण नव्हती आणि पिस्टनचा माथा स्वच्छ होता. मात्र एक रॉड वाकलेला होता आणि रॉडच्या बेअरिंगची वरची बाजू घासून तांबूस पडली होती. गाडीच्या मालकाने एकदाही टकटक ऐकली नव्हती, आणि त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते.

दुसरा धोका अवेळी पेट घेण्याचा. इथेनॉल नॉकिंगला दाद देत नाही, पण तापलेल्या पृष्ठभागावर ते सहज पेटते. प्लगचे टोक लालभडक झाले तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटते, आणि मग मॅपमध्ये कोणताही आकडा भरलेला असला तरी त्याला अर्थ उरत नाही. म्हणून बूस्ट वा टायमिंग वाढवण्याआधी एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, प्लग घालावा आणि जास्त दाबात ठिणगी विझू नये म्हणून त्याची गॅप थोडी कमी करावी. हे काम स्वस्त आहे आणि तेच सर्वांत जास्त टाळले जाते.

आता आपल्या पंपावरच्या पेट्रोलकडे येतो. त्यात इथेनॉल वीस टक्के आहे, पंचाऐंशी टक्के नाही, ही साधी गोष्ट पंचाऐंशी टक्क्यांसाठीच्या परदेशी मॅपच्या फायली उतरवून घेणारे विसरतात. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या खुलाशानुसार बीएस-६ पेट्रोलचे रिसर्च ऑक्टेन ९१ होते आणि वीस टक्के मिश्रणामुळे ते ९५ वर गेले. म्हणजे इथेनॉलचा लाभ त्या ९५ मध्ये आधीच मोजलेला आहे. ‘९५ अधिक इथेनॉलचा बोनस’ असा हिशेब करणे ही एकच रक्कम दोनदा जमा धरण्यासारखी चूक आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नव्या गाड्या या मिश्रणासाठी ट्यून केलेल्या असाव्यात, असा सरकारी आराखडा होता. अशा गाडीत कारखान्यानेच टायमिंग योग्य जागी नेलेले असते. त्याआधीच्या, दहा टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या टर्बो गाड्यांत थोडी जागा शिल्लक असते, हे मान्य करायला हवे. माझ्या अनुभवात भरपूर भाराच्या पट्ट्यात ती जागा एक-दोन अंशांपलीकडे क्वचितच जाते. हलक्या भाराला, म्हणजे रोजच्या निम्म्याहून अधिक प्रवासात, गाडी आधीच सर्वोत्तम टायमिंगवर चालत असते, आणि तिथे अंश वाढवल्याने मायलेज उलट घटते.

मायलेजबद्दल नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातले आकडे वाचकांनी पाहावेत. शून्य टक्क्यासाठी बनवलेल्या व दहा टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या चारचाकींत वीस टक्के मिश्रणाने इंधनक्षमता ६ ते ७ टक्के घटते, तर दहा टक्क्यांसाठी बनवून वीससाठी ट्यून केलेल्या गाडीत ही घट १ ते २ टक्केच राहते, असा त्यात अंदाज आहे. या दोन आकड्यांमधले अंतर बऱ्याच अंशी ट्यूनिंगने भरून निघते. म्हणून टायमिंगला हातच लावू नये, असे मी म्हणत नाही. ते मोजून लावावे, एवढेच माझे सांगणे आहे.

मोजून म्हणजे कसे? टायमिंगच्या आधी इंधन पाहावे लागते. वीस टक्के मिश्रणाला पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १३.५ पट हवा लागते, त्यामुळे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त इंधन जावे लागते. सौम्य चालवताना ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे ईसीयू हे स्वतः जुळवून घेते. पूर्ण थ्रॉटलला मात्र बऱ्याच गाड्या मॅपमधल्या आकड्यांवर विसंबतात. मिश्रण तेथे पातळ राहिले असेल आणि त्यावर टायमिंग वाढवले, तर दोष टायमिंगचा की इंधनाचा हेही कळत नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बारकाईने मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून लॅम्बडा, म्हणजे हवा-इंधनाचे गुणोत्तर, पाहावा. इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप वरच्या आरपीएमला पुरे पडतात याची खात्री करावी. त्यानंतर गाडी डायनोवर, म्हणजे टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून एकेका आरपीएमला भार स्थिर ठेवून एकेक अंश वाढवावा आणि प्रत्येक वेळी टॉर्क नोंदवावा. वाढीव अंशाने टॉर्क वाढायचा थांबला की दोन अंश मागे यावे आणि तिथेच राहावे, मग नॉकिंगचा मागमूस असो वा नसो. शिखराजवळ टॉर्कची रेषा सपाट असते, त्यामुळे या दोन अंशांनी जाणारा टॉर्क जेमतेम टक्काभर असतो, आणि सिलिंडरमधला सर्वोच्च दाब मात्र काही बारनी उतरतो. एवढ्या स्वस्तात इंजिनाचे आयुष्य दुसरीकडे कुठे वाढत असेल असे मला वाटत नाही. रस्त्यावर, तेही रात्री बगलमार्गावर गाडी पळवून ‘ट्यून’ करणाऱ्यांकडे टॉर्क मोजण्याचे साधन नसते, म्हणून त्यांना कानावर विसंबावे लागते. आणि कान इथे का निरुपयोगी ठरतो ते वर आले आहे.

गोव्याच्या हवामानाचा विचार तर या मॅपमध्ये क्वचितच केलेला असतो. पर्वरीच्या कोंडीत एप्रिल-मेच्या दुपारी गाडी रेंगाळली की टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवरून वारा वाहत नाही, आत जाणारी हवा तापते, आणि कोंडी सुटताच चालक ॲक्सिलरेटर दाबतो तो क्षण नॉकिंगला सर्वांत पोषक असतो. आत येणाऱ्या हवेच्या तापमानानुसार टायमिंग मागे घेणारा तक्ता कारखान्याच्या मॅपमध्ये असतो. ताकद दाखवण्यासाठी तो सैल करणारे ट्यूनर मी पाहिले आहेत. उलट पावसाळ्यातली गार, बाष्पाने भरलेली हवा ज्वलन मंदावते आणि नॉकिंग दडपते. जुलैत सुरक्षित वाटलेला मॅप घेऊन तीच गाडी फेब्रुवारी-मार्चमध्ये चार माणसे आणि सामान भरून चोर्ला घाट चढून बेळगावला निघते, तेव्हा हवा कोरडी असते, उंचीमुळे हवेचा दाब उतरलेला असतो, तोच बूस्ट देण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते, आणि वळणावळणावर कमी आरपीएमला पूर्ण भार पडतो. टायमिंगची खरी परीक्षा अशा चढावर होते.

ओलाव्याचा आणखी एक परिणाम टाकीत होतो. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते आणि वर राहिलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन उतरते. रोज चालणाऱ्या, बंद टाकीच्या गाडीत हे सहसा घडत नाही. परंतु आपल्याकडे आखातात किंवा जहाजावर नोकरीला असलेल्यांच्या गाड्या महिनोन्महिने घरासमोर उभ्या असतात आणि सुट्टीवर आल्या दिवशीच त्या जोरात पिटाळल्या जातात. अ‍ॅडव्हान्स केलेल्या मॅपच्या गाडीला असे पेट्रोल चालत नाही. तपासणी कोणत्याही गॅरेजात होऊ शकते: काचेच्या मोजनळीत १०० मिलिलिटर पेट्रोल आणि २० मिलिलिटर पाणी घालून हलवावे व स्थिर होऊ द्यावे. इथेनॉल पाण्यात उतरते. मिश्रण वीस टक्क्यांचे असेल तर खालचा थर चाळीसच्या जवळ येतो. तो तिथवर आला नाही तर त्या टाकीवर टायमिंगचे काम करू नये. जे कोणी वेगळे इथेनॉल आणून टाकीत अंदाजाने ओतत असतील, त्यांनी तर ही नळी आधी घ्यावी, किंवा इंधननळीत फ्लेक्स-फ्युएल सेन्सर बसवावा. तो इंधनाची विद्युत धारकता मोजतो आणि शून्य टक्क्याला ५० ते शंभर टक्क्यांना १५० हर्ट्झ असा संकेत देतो. त्यावरून ईसीयूला दोन मॅपमधला योग्य आकडा निवडता येतो. ज्या ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी काजू आपल्याकडे आणला, तिथे २००३ पासून कोणत्याही प्रमाणावर चालणाऱ्या गाड्या विकल्या जात आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून तेथील साध्या पेट्रोलमध्येही तीस टक्के इथेनॉल असते. त्या गाड्यांची ईसीयू प्रत्येक वेळी इंधनातले प्रमाण ताडून मगच टायमिंग ठरवते. आपले काही ट्यूनर प्रमाण न पाहता टायमिंग ठरवतात, फरक इतकाच आहे.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. संजीवनी साखर कारखाना बंद पडल्यावर धारबांदोडा आणि सांगे भागातल्या ऊस उत्पादकांची झालेली ओढाताण मी जवळून पाहिली आहे, आणि तिथे इथेनॉल प्रकल्प उभा राहावा असे मनापासून वाटते. म्हणूनच चुकीच्या ट्यूनिंगने मोडलेल्या इंजिनांचे खापर इथेनॉलवर फुटू नये, ही माझी कळकळ आहे.

आपल्या दैनिकामार्फत तीन विनंत्या करतो. तेल कंपन्यांनी प्रत्येक पंपावर त्या दिवशीच्या साठ्यातले इथेनॉलचे मोजलेले प्रमाण ठळक लिहावे. ‘वीस टक्क्यांपर्यंत’ या शब्दांवर टायमिंग ठरवता येत नाही. रीमॅप करून घेणाऱ्या ग्राहकांनी पैसे देण्याआधी डायनोचा आलेख, प्रत्येक आरपीएमचे टायमिंग आणि लॅम्बडाची नोंद कागदावर मागावी, आणि ती न देणाऱ्याकडून गाडी परत आणावी. बेतूल येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडिया एनर्जी वीक भरला तेव्हा जैवइंधनांवर मोठ्या चर्चा झाल्या. त्याच राज्यातल्या लहान गॅरेजांना परवडेल अशा दरात वापरता येईल असा एक डायनो शासनाने फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा एखाद्या आयटीआयमध्ये सर्वांसाठी खुला करावा. तसे झाल्यास मोजनळी, वाइडबँड सेन्सर आणि नोंदींच्या वह्या घेऊन विद्यार्थ्यांना व नव्या मेकॅनिकांना हे मोजमाप विनामूल्य शिकवायला यायची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक गॅरेजचालक, फोंडा-गोवा